गुडघा बदलला, मन अजून सावरते आहे

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सांधेरोपणानंतर करायच्या व्यायामांवर लेख आला होता. पाय केव्हा किती वाकावा, वॉकर सोडून काठी कधी घ्यावी, जिना कसा चढावा, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर आलेली पत्रे वाचताना लक्षात आले, की व्यायामाविषयी शंका विचारणारे थोडेच आहेत. बहुतेकांनी लिहिले आहे ते भीतीविषयी, रात्रीच्या जागरणाविषयी आणि घरच्यांपुढे बोलून दाखवता न येणाऱ्या निराशेविषयी. मी गेली अनेक वर्षे पुनर्वसन विभागात मानसशास्त्रज्ञ म्हणून सांधेरोपण झालेल्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून ही उत्तरे लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ६४. पाच आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, सगळे उत्तम आहे. जखम भरली आहे, गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो. पण मला दुपारच्या वेळी काही कारण नसताना रडू येते. रात्री दर दोन तासांनी जाग येते. माझ्याबरोबर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या बाई काठीशिवाय चालू लागल्या असे कळले, तेव्हापासून तर व्यायामाचा रागच येऊ लागला आहे. घरचे म्हणतात, 'मन खंबीर ठेव.' मी आयुष्यभर खंबीरच होते. मग आता काय झाले? शस्त्रक्रिया करून घेतली हीच चूक तर झाली नाही ना?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पाचव्या आठवड्यात 'आपण चूक तर केली नाही ना' असे वाटणे इतके नेहमीचे आहे, की शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीतच मी प्रत्येकाला सांगून ठेवते : तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कधीतरी हा विचार मनात येईल, तो आला म्हणून घाबरू नका, आणि त्या दिवसांत शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निवाडा करायला बसू नका. पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांचे लक्ष तुमच्यावर असते. पहिल्यांदा उभे राहिलात, चार पावले टाकलीत, टाके निघाले, प्रत्येक वेळी कोणीतरी कौतुक करते. पुढे भेटायला येणारे कमी होतात, वेदनाशामक गोळ्यांची मात्रा उतरवली जाते, घरची माणसे आपापल्या कामाला लागतात आणि दुखणे मात्र तिथेच असते. तुमची ती दुपार ही अशी रिकामी दुपार आहे.

त्याच सुमारास शरीरातही एक गोष्ट घडलेली असते, जी रुग्णांना फार क्वचित समजावून सांगितली जाते आणि याची मला खंत वाटते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटलेली आढळते. स्नायू थोडा झिजतो हे खरे, पण त्याहून मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो : सुजलेल्या, दुखावलेल्या सांध्याकडून जे संदेश वर जातात, त्यांच्यामुळे ती त्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. पलंगावर पाय सरळ ठेवून टाच चार बोटे उचलायची असते. मांडी थरथरते, कपाळावर घाम येतो, टाच गादीवरून सुटते न सुटते तोच पुन्हा टेकते, आणि त्या क्षणी वाटते की आपल्यातच काही दम उरला नाही. दम आहे, स्नायूकडे निघालेला हुकूम वाटेत अडवला जातो आहे. सूज ओसरत जाते आणि रोजच्या व्यायामाने तो हुकूम पुन्हा पोहोचू लागतो, पण त्याला महिने लागतात. गुडघ्यावर तळहात ठेवला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा जाणवणारी ऊब आणि संध्याकाळची सूज तीन ते सहा महिने राहू शकते, आणि सुधारणा सुमारे वर्षभर चालू असते. पाचव्या आठवड्यात तुम्ही या रस्त्याच्या अगदी सुरुवातीला आहात.

झोपेकडे मी स्वतंत्रपणे लक्ष वेधते, कारण तुमच्या रडण्याचा मोठा भाग मला तिथे दिसतो. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक तीव्र जाणवते आणि वेदनेने झोप मोडते. हे चक्र आठवडाभर चालले तरी चांगल्या चांगल्यांचा धीर सुटतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. रात्रीची गोळी नेमकी किती वाजता घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून घ्या. गुडघ्याखाली उशी घेतल्याने तात्पुरते बरे वाटते, पण सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो; उशी हवीच असेल तर ती टाचेखाली ठेवा. काही तीव्र वेदनाशामक औषधांनी मन मंद आणि उदास होऊ शकते, तेव्हा तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना पुन्हा एकदा दाखवा, मात्र स्वतःच्या मनाने कोणतेही औषध एकदम थांबवू नका.

आता त्या दुसऱ्या बाईंविषयी. शस्त्रक्रियेची तारीख एक असली तरी शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची मांडी किती मजबूत होती, त्यांचा गुडघा किती वर्षे दुखत होता, त्यांना इतर कोणते विकार आहेत, त्या रात्री किती तास झोपतात, यांपैकी तुम्हाला काहीही ठाऊक नाही. तुलना करायचीच असेल तर ती स्वतःशी करा, आणि तीही कालच्या दिवसाशी नको. एका दिवसाचा चढउतार फार फसवा असतो. मी रुग्णांना एक लहान वही देते. त्यात रोज तीनच नोंदी करायच्या : किती मिनिटे चालले, रात्री सलग किती तास झोप लागली, आणि आज असे काय केले जे गेल्या आठवड्यात याच वारी जमत नव्हते. तिसऱ्या नोंदीला पहिल्या दिवशी बहुतेकांना काही सुचत नाही. मग कोणी लिहिते, 'मोजा स्वतः घातला.' कोणी लिहिते, 'कुशीवर वळताना कोणाला उठवले नाही.' पंधरा दिवसांनी ती पाने मागे उलटून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो मी कितीदा तरी पाहिला आहे, आणि म्हणूनच तुम्हालाही ही वही सुचवते आहे.

'मन खंबीर ठेव' हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या कानी 'रडू नकोस' एवढाच पोहोचतो. मानसशास्त्रात ज्याला मानसिक लवचिकता म्हणतात, ती म्हणजे पडलेल्या मनाने पुन्हा उठणे. मन कधी पडूच नये अशी अट तिथे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्या बाबतीत वारंवार दिसून आलेल्या गोष्टींपैकी एक अशी, की कुटुंबात किंवा कुटुंबाबाहेर भरवशाचे किमान एक माणूस त्यांना लाभले होते. तुम्ही पत्रात घरच्यांविषयी लिहिले आहे. त्यांच्यापैकी एकाला जवळ बसवून सांगा, 'मला उपाय नको, दहा मिनिटे ऐकून घे.' हे मागणे हाही सावरण्याचाच भाग आहे.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. दिवसाचा बहुतेक वेळ उदासी, कशातच रस न वाटणे, भूक मरणे, स्वतःविषयी अपराधी वाटणे असे सलग दोन आठवडे राहिले, तर ते शस्त्रक्रियेचे नेहमीचे पडसाद समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करा. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते वेळेवर झाले तर व्यायामही पुन्हा सुरळीत होतो. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे वाट पाहू नका, त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आता काठीचीही गरज नाही. पण बाबा माझा हात सोडत नाहीत. मी जवळ नसलो तर खुर्चीतून उठत नाहीत, स्वच्छतागृहात जायलाही हाक मारतात. 'सांधा निखळेल' हे एकच वाक्य धरून बसले आहेत. एकदा मी संतापून म्हणालो, 'बाबा, तुम्हाला बरे व्हायचेच नाही.' ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी काय करू?

उत्तर : पहिले काम, त्या वाक्याबद्दल त्यांची माफी मागा. तुम्ही दमला आहात हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसते, आणि तीन महिने सतत कोणाच्या तरी हाकेला धावणाऱ्या मुलाचा तोल एकदा गेला म्हणून कोणी त्याला दोष देणार नाही. पण तुमच्या वडिलांना बरे व्हायचे आहे. त्यांना पडायचे नाही, एवढेच.

त्यांची भीती निराधार नव्हती, हेही मान्य करावे लागेल. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सांधा निखळण्याचा धोका अधिक असतो, म्हणून अनेक रुग्णांना फार खाली वाकू नका, पायावर पाय टाकू नका, बुटक्या आसनावर बसू नका, असे बजावले जाते. अडचण अशी होते, की बंधने घालताना सगळे आवर्जून सांगतात, आणि ती उठवण्याची वेळ आली की त्याच ठामपणे कोणी सांगत नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना एकच प्रश्न लिहून न्या : यांपैकी कोणते बंधन आता संपले आणि कोणते अजून पाळायचे आहे? उत्तर डॉक्टरांनी तुम्हाला न देता थेट बाबांना द्यावे, अशी विनंती करा. सांधा खरोखर निखळला तर काय होते, हेही त्यांना विचारू द्या. अचानक तीव्र कळ येते, पायावर भार देता येत नाही, पाय आखूड किंवा आत-बाहेर वळलेला दिसतो. म्हणजे तो प्रकार नकळत, चालता चालता हळूच घडून जात नाही. ज्या संकटाचे रूप माहीत नसते, त्याची भीती प्रत्येक पावलाला वाटते.

भीतीमुळे हालचाल टाळणे यावर वेदनाशास्त्रात पुष्कळ काम झाले आहे. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली मांडलेले सूत्र रुग्णालयात रोज प्रत्ययाला येते : दुखणे म्हणजे इजा, असा अर्थ मनाने लावला की माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या पायाने चार पावले टाकली तरी तोल जातो, दुखते, आणि 'बघा, मी म्हणत होतो ना' अशी भीतीची खात्री पटते. हे चक्र समजुतीच्या गोष्टी सांगून तुटत नाही. ते कृतीनेच तुटते, आणि ती कृती इतकी लहान असावी लागते की फसण्याची शक्यताच उरू नये.

उद्या सकाळी बाबा तुमचा हात धरतील तेव्हा पकड कशी आहे ते पाहा. आधार घेणारा माणूस तळहातावर भार देतो. घाबरलेला माणूस मनगट आवळतो. मनगट आवळलेले असेल तर हात सोडवून घेऊ नका. हाताऐवजी फक्त खांद्याला बोटांचा स्पर्श ठेवा, दोन दिवस तसेच चाला. मग स्पर्श काढून एक पाऊल मागे राहा. मग खोलीच्या दाराशी उभे राहा. मग शेजारच्या खोलीतून बोलत राहा. भक्कम, हात असलेल्या खुर्चीतून उठणे-बसणे हा व्यायाम तुम्ही समोर असताना रोज पाच वेळा होऊ द्या, पण तुमचे हात तुमच्या गुडघ्यांवर ठेवून. जिन्यावर 'चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी' हा नियम त्यांनी स्वतः मोठ्याने म्हणत पाय टाकावा. कठडा आणि पुरेसा उजेड या दोन गोष्टी मात्र गृहीत धरू नका, स्वतः तपासा.

माणसाला 'मला हे जमेल' असे कशामुळे वाटते, याचा विचार अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहणे, विश्वासातल्या व्यक्तीने दिलेला धीर आणि स्वतःच्या शरीराच्या स्थितीचा लावलेला अर्थ, असे चार आधार त्यांनी सांगितले, आणि त्यांपैकी पहिला सर्वांत बळकट मानला. तुम्ही आतापर्यंत तिसऱ्यावर सगळा भर दिला आहे. दुसराही वापरून पाहा : याच शस्त्रक्रियेतून सहा-आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या, बाबांच्याच वयाच्या माणसाची आणि त्यांची एकदा भेट घडवून आणा. त्या गप्पांत तुम्ही थांबू नका. मुलापुढे बाप ज्या भीतीचा उच्चार करत नाही, ती तो समदुःखी माणसापुढे करतो.

प्रश्न : आईचे वय ७८. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री ती मला ओळखेना, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागली, सुई काढू लागली. सकाळी बरीच ठीक होती, रात्री पुन्हा तेच. तिचे मन इतके कमकुवत आहे का? की स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे?

उत्तर : हा मनाच्या ताकदीचा प्रश्नच नाही. याला तीव्र संभ्रमावस्था म्हणतात; मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांमध्ये ती पुष्कळदा दिसते, दिवसभरात कमी-जास्त होते, रात्री वाढते आणि बहुधा काही दिवसांत ओसरते. तिच्यामागे बहुधा शारीरिक कारण असते : जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, औषधांचा परिणाम, आवाक्यात न आलेली वेदना. म्हणून असे काही दिसले की तत्क्षणी परिचारिकेला सांगायचे, सकाळची वाट पाहायची नाही. आईला तिचा चष्मा आणि श्रवणयंत्र असल्यास ते लगेच द्या, दिवसा पडदे उघडे ठेवा, घड्याळ समोर दिसू द्या, एकच ओळखीचे माणूस जवळ बसू द्या. भिंतीवरच्या माणसांवरून तिच्याशी वाद घालू नका. 'मी इथे आहे, तू रुग्णालयात आहेस, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे' हे शांतपणे सांगत राहा. घरी गेल्यानंतरही विसराळूपणा जाणवत राहिला, तर काही आठवड्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. आणि एक गोष्ट तुम्ही तिच्यासाठी करावी असे मला मनापासून वाटते : त्या रात्रींतले जे तिला आठवत असेल, त्याची तिला लाज वाटत असणार. ते काय होते, हे तिला नीट समजावून सांगा.

प्रश्न : मन किती खंबीर आहे, हे मोजण्याची काही चाचणी आहे का? शस्त्रक्रियेपूर्वी ती करून घ्यावी का?

उत्तर : प्रश्नावल्या आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक फक्त सहा विधानांची आहे. कठीण प्रसंगानंतर आपण किती लवकर सावरतो, एवढेच ती विचारते. संशोधनासाठी अशा साधनांचा उपयोग होतो आणि मीही काही वेळा संवादाची सुरुवात म्हणून त्यांचा वापर करते. पण गुण कमी आले म्हणून कोणी शस्त्रक्रियेला अपात्र ठरत नाही. मदत कोणाला आधी आणि अधिक द्यायची, एवढेच त्यावरून कळते. घरी बसून स्वतःला गुण देण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

प्रश्न : माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दहा महिने झाले. दुखणे आधीपेक्षा कमी आहे, पण गेलेले नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटते, चालताना आतून टक असा आवाज येतो. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, 'सांधा अगदी जागच्या जागी आहे.' तेव्हापासून घरात माझ्या दुखण्याला 'मनाचे खेळ' म्हणतात. वय ५८, अजून नोकरी करतो. हे खरेच माझ्या मनात आहे का?

उत्तर : तुमचे दुखणे खरे आहे. हे वाक्य तुमच्या घरच्यांना वाचून दाखवावे, म्हणून ते आधी लिहिले.

गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातील एक जण निकालाविषयी पूर्ण समाधानी नसतो, आणि त्यामागे बहुतेकदा शिल्लक राहिलेले दुखणे असते. खुब्याच्या बाबतीत हे प्रमाण कमी आहे. म्हणजे तुम्ही अपवाद नाही. बधिरपणाचे कारण सरळ आहे : छेद घेताना त्वचेची संवेदना वाहून नेणारी एक बारीक नस बहुधा कापली जाते. तो पट्टा काळाबरोबर आकसतो, काहींना थोडा कायमचा राहतो. धातू आणि प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना टेकताना आवाज येऊ शकतो आणि त्याबरोबर दुखत नसेल, तर त्याची चिंता नको.

दुखण्याबाबत मात्र क्रम चुकवू नका. मनाकडे वळण्यापूर्वी शरीराची तपासणी पूर्ण झाली पाहिजे. एक्स-रे चांगला दिसतो एवढ्यावर न थांबता, मंद जंतुसंसर्ग, सांध्याचा सैलपणा, तसेच खुबा किंवा कंबरेच्या मणक्यातून गुडघ्यात उतरणारी वेदना, या शक्यता तपासल्या आहेत का, हे विचारा. समाधान झाले नाही तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. ताप, व्रणातून स्राव, वाढता लालसरपणा, पायावर भार देणे अचानक अशक्य होणे यांपैकी काही झाले, तर ताबडतोब दाखवायचे. पोटरी सुजून दुखू लागणे आणि छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांबाबतही तेच. रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते.

हे सगळे पाहून झाले, तर मग वेदनेच्या यंत्रणेकडे यायचे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला, की इजेच्या ठिकाणाहून निघालेला संदेश जसाच्या तसा मेंदूत पोहोचत नाही. मज्जारज्जूत त्याची वाट कधी रुंद होते, कधी अरुंद, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यावर परिणाम करतात. ज्यांचा गुडघा शस्त्रक्रियेपूर्वी अनेक वर्षे दुखत होता, त्यांच्यापैकी काहींची मज्जासंस्था इतकी संवेदनशील झालेली असते, की झिजलेला सांधा काढून टाकल्यावरही ती काही काळ पूर्वीच्याच जोराने इशारे देत राहते. यात कल्पित असे काही नाही. अपुरी झोप, काळजी, एकटेपणा आणि 'कोणी विश्वासच ठेवत नाही' ही बोच, यांनी ती वाट अधिक रुंद होते. तुमच्या घरातला 'मनाचे खेळ' हा शब्दप्रयोग तुमचे दुखणे वाढवत असण्याची शक्यता म्हणूनच मी गांभीर्याने घेते.

या ठिकाणी मनाचे काम सुरू होते. मायकेल सलिव्हन यांनी १९९५ मध्ये तेरा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. वेदनेविषयीचे विचार कसे उग्र रूप घेतात, हे ती तीन अंगांनी पाहते : सतत तोच विचार घोळत राहणे, त्याचे परिणाम भयंकर मोठे वाटणे आणि 'माझ्या हाती काहीच नाही' ही असहायता. शस्त्रक्रियेपूर्वी हे विचार जितके प्रबळ, तितके नंतरचे दुखणे अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सुखाची गोष्ट ही, की या सवयी बदलता येतात. दुखू लागले की मनात उमटणारे पहिले वाक्य आठ दिवस जसेच्या तसे लिहून काढा. एका रुग्णाने लिहिले होते, 'आतले काहीतरी तुटते आहे.' आम्ही त्या वाक्याशेजारी तपासणीचे निष्कर्ष ठेवले आणि त्याने स्वतःच ते बदलून लिहिले, 'आज जास्त वेळ उभा होतो, म्हणून ठणकते आहे; सकाळपर्यंत उतरेल.' ठणका त्या दिवशी तेवढाच होता, पण दुसऱ्या दिवशी तो व्यायामाला आला. असे काम बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीत शिकलेल्या मानसशास्त्रज्ञांबरोबर केले तर अधिक नेटके होते.

चालण्याबाबत एक साधा निकष ठेवा. व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले, तर प्रमाण योग्य आहे. सकाळी सूज आणि दुखणे दोन्ही वाढलेले असतील, तर पुढच्या वेळी थोडे कमी करा, पण बंद करू नका. चांगल्या दिवशी दुप्पट चालायचे आणि मग दोन दिवस पडून राहायचे, ही चूक नोकरी करणारी माणसे हटकून करतात.

आणि अपेक्षेचा मुद्दा राहिला. २०१२ मध्ये तयार झालेली बारा प्रश्नांची एक मोजणी आहे. तिचा गाभाच हा, की दैनंदिन व्यवहारात रुग्णाला आपला कृत्रिम सांधा किती वेळा आठवतो. गुडघा पूर्ण विसरला जाणे हे फार वरचे उद्दिष्ट आहे. दिवसातले कोणते दोन तास तो तुम्हाला आठवत नाही, हे शोधा आणि ते तास कशात गेले ते पाहा.

प्रश्न : पहिल्या गुडघ्याच्या वेळी मी फार घाबरले होते आणि सावरायला पुष्कळ वेळ लागला. पुढच्या महिन्यात दुसरा गुडघा करायचा आहे. या वेळी मनाची तयारी कशी करू?

उत्तर : तुमच्याकडे या वेळी पहिला गुडघा आहे, म्हणजे सर्वांत चांगला शिक्षक घरातच आहे. पहिल्या वेळी कोणत्या आठवड्यात काय सर्वांत जड गेले, हे आठवून क्रमाने लिहून काढा आणि प्रत्येकापुढे 'या वेळी तसे झाले तर मी काय करीन' हे एका ओळीत लिहा. 'रात्री तीन वाजता जाग आली तर दिवा लावून दहा वेळा घोटा वर-खाली करीन आणि लांब श्वास सोडीन' इतके नेमके. 'सकारात्मक राहीन' अशा ओळीचा रात्री तीन वाजता काही उपयोग होत नाही. दुसरा गुडघा पहिल्यासारखाच वागेल असे मात्र धरून चालू नका. एकाच माणसाचे दोन गुडघे वेगवेगळ्या गतीने बरे होताना मी नेहमी पाहते. उरलेल्या महिन्यात फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून सुरू करा. शिकलेले हात-पाय घाबरलेल्या मनाला मोठा आधार देतात.

माहितीचा उपयोग किती होतो, याचे एक जुने उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९६४ मध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने भेटून सांगितले, की नंतर कुठे दुखेल, का दुखेल, किती काळ दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे आणि कुशीवर कसे वळायचे. त्या रुग्णांना इतरांच्या मानाने सुमारे निम्मीच तीव्र वेदनाशामक औषधे लागली आणि ते सरासरी जवळजवळ तीन दिवस आधी घरी गेले. शस्त्रक्रिया त्याच होत्या. साठ वर्षांनंतरही ही भेट प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत नाही, याचे मला वाईट वाटते. म्हणून ती तुम्ही मागून घ्या. भूलतज्ज्ञांना आणि शल्यविशारदांना भेटायला जाताना प्रश्नांचा कागद बरोबर न्या, आणि 'मागच्या वेळी मी फार घाबरले होते' हे वाक्य त्या कागदावर सगळ्यांत वर लिहा.